थकलेला सारथी

आपल्या सुरतेचे वैभव कापडावर उभे आहे आणि ते कापड मालमोटारींतून देशभर पोहोचते. रिंग रोडवरील बाजारात दिवसभर गाठी बांधल्या जातात आणि रात्री भरलेल्या मोटारी मार्गस्थ होतात. बारडोली, व्यारा, नवापूर, कोंडाईबारीचा घाट आणि पुढे धुळे हा रस्ता येथील खानदेशी कुटुंबांच्या चांगल्या परिचयाचा आहे. सणासुदीला गावी जाताना आपण याच मालमोटारींच्या शेजारून प्रवास करतो. म्हणून त्यांच्या चालकांच्या झोपेचा प्रश्न आपलाही आहे.

झोप ही भुकेसारखीच देहाची गरज होय. निश्चयाने ती काही काळ लांबविता येते, टाळता येत नाही. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीराचे घड्याळच माणसाला निद्रेकडे ओढीत असते. अशा वेळी डोळे उघडे असूनही मेंदू क्षणभर झोपी जातो आणि चालकाला त्याचे भानही राहत नाही. गणित करून पाहू. ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटार तीन सेकंदांत 50 मीटर जाते. म्हणजे एवढ्याशा डुलकीत ती 50 मीटर चालकाविनाच धावते! सतत 17 तास जागलेल्या माणसाची सावधता मद्य घेतलेल्या माणसासारखी मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. चहा-तंबाखूने ती झोप फिटत नाही.

कायद्याने हे ओळखले आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 साली झालेल्या कायद्याने साधारणपणे दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. आठ तासांचे तत्त्व तिनेही राखले आहे. शरीराने वा मनाने असमर्थ असल्याचे ठाऊक असूनही वाहन चालविणाऱ्यास, त्यामुळे लोकांना धोका होत असेल तर, 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 186 अन्वये पहिल्या वेळी 1,000 रुपयांपर्यंत व पुढे 2,000 रुपयांपर्यंत दंड होतो. निष्काळजीपणाने कुणाचा मृत्यू ओढवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो.

परंतु चालक हौसेने जागतो काय? माल सकाळी पोहोचलाच पाहिजे, असा तगादा त्याच्यामागे असतो. घरी मुलांच्या शाळेचा खर्च असतो. फेरी चुकली तर तो भागावा कसा? म्हणूनच त्याच कायद्याचे कलम 188 अधिक मननीय आहे. अशा गुन्ह्यास जो चिथावणी देईल वा साहाय्य करील, त्यालाही गुन्हेगाराइतकीच शिक्षा त्यात सांगितली आहे.

विद्यार्थिमित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी व्यापारी होईल, कोणी मोटारमालक, तर कोणी चालक. मालाला पोहोचण्याची वेळ ठरविताना चालकाच्या झोपेचे तास आपण आधी त्यात धरू या. गाठ चार तास उशिरा पोहोचली, तर दुकानदार रागावेल. पण चालक आपल्या घरी सुखरूप पोहोचेल.