राजवधूचे शिरोभूषण

लग्नघरातील सकाळ कशी असते, हे तुम्हांस ठाऊक आहेच. मुहूर्त जवळ येत चाललेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी कोणाची तरी नथ सापडेनाशी होते, मुंडावळ्यांचा दोरा तुटतो, नाहीतर वधूचा हार कोणत्या खोलीत ठेवला आहे, हेच कोणाला आठवत नाही. सगळे घर एकमेकांवर ओरडू लागते. अशा वेळी एखादी वडीलधारी बाई मात्र शांत असते. "अजून वेळ आहे," एवढेच ती म्हणते, आणि तेवढ्याने सारे भानावर येतात.

२० नोव्हेंबर १९४७ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात अशीच सकाळ उजाडली होती. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांची थोरली कन्या एलिझाबेथ हिचा त्या दिवशी विवाह होता. वधूचे वय एकवीस वर्षांचे होते. वर होते आरमारातील एक तरुण अधिकारी, फिलिप माउंटबॅटन. साडेअकरा वाजता वेस्टमिन्स्टर ॲबे या प्राचीन चर्चमध्ये विवाहविधी व्हायचा होता.

राजकन्येचा विवाह म्हटला की वैभवाला काय तोटा, असे आपल्याला वाटते. परंतु तो काळ निराळा होता. दुसरे महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. इंग्लंडमध्ये अन्नाप्रमाणे कापडही मोजून मिळत असे. नवा कपडा घ्यायचा तर पैशांबरोबर सरकारी कूपनेही द्यावी लागत. हा नियम राजकन्येलाही होता. विवाहाच्या पोशाखासाठी सरकारने तिला २०० कूपने जादा दिली, एवढीच काय ती सवलत! ही गोष्ट कळताच देशातील कित्येक स्त्रियांनी आपल्या वाट्याची कूपने राजवाड्याकडे पाठवून दिली. एकाची कूपने दुसऱ्याने वापरणे कायद्याविरुद्ध होते. म्हणून ती सर्व परत करावी लागली. नॉर्मन हार्टनेल या प्रसिद्ध शिवणकाराने तो पोशाख सिद्ध केला. हस्तिदंती रंगाच्या रेशमी वस्त्रावर त्याने सुमारे १०,००० बारीक मोत्यांची नक्षी काढविली होती.

अशा पोशाखावर दागिने कोणते घालावेत? आपल्याकडे वधूच्या कपाळावर मुंडावळ्या बांधतात, त्याप्रमाणे युरोपातील राजघराण्यांत वधूच्या मस्तकावर टियारा घालण्याची पद्धत आहे. टियारा म्हणजे राजमुकुट नव्हे. राजमुकुट डोक्याभोवती पुरे वेटोळे घेतो आणि तो राज्याचा असतो. टियारा हा बहुधा अर्धवर्तुळाकार, कपाळाच्या वर केसांत बसविण्याचा दागिना असून तो घरातील स्त्रियांचा असतो. अविवाहित मुलीने तो घालू नये, लग्नाच्या दिवशी तो प्रथम मस्तकावर चढावा, अशी जुनी रीत आहे. पुढे गळ्यातले, कानांतले जे काही निवडायचे, ते या शिरोभूषणाशी जुळेल असे निवडतात.

एलिझाबेथला निवड करण्यास वाव नव्हता, असे नाही. तिच्या आजी राणी मेरी यांनी आपला एक आवडता टियारा तिला लग्नाचा आहेर म्हणून दिला होता. त्याची कथा मोठी हृद्य आहे. १८९३ साली राणी मेरी स्वतः वधू होत्या, तेव्हा ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड येथील मुलींनी वर्गणी गोळा करून हा टियारा त्यांना भेट दिला. त्याच सुमारास 'व्हिक्टोरिया' नावाची युद्धनौका भूमध्य समुद्रात बुडून कित्येक खलाशी मृत्यू पावले होते. तेव्हा जमलेल्या रकमेचा काही भाग त्या खलाशांच्या कुटुंबांना द्यावा, अशी इच्छा वधूने व्यक्त केली. चोपन्न वर्षांनी तोच टियारा आजीच्या पेटीतून नातीच्या पेटीत आला.

दुसरा टियारा आला तो आपल्या देशातून. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान हे त्या काळी जगातील अत्यंत धनाढ्य पुरुषांपैकी एक मानले जात. त्यांनी लंडनमधील कार्टिए या जवाहिऱ्याच्या पेढीला कळविले की, राजकन्येने स्वतः येऊन आपल्या पसंतीचा आहेर निवडावा. तिने फुलांच्या घडणीचा एक हिऱ्यांचा टियारा आणि १९३५ साली घडविलेला हिऱ्यांचा एक हार पसंत केला. टियाऱ्यातील तीन फुले सुटी करून पदकांप्रमाणे वस्त्रावर लावता येत. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हैदराबाद संस्थान तेव्हा भारतात सामील झालेले नव्हते, आणि आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. संस्थान भारतात विलीन व्हावे म्हणून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली तेथील जनता त्याच वर्षी लढ्यात उतरली होती. शेकडो लोक तुरुंगात जात होते. निजामाच्या संपत्तीत मराठवाड्यातील शेतकऱ्याने भरलेल्या शेतसाऱ्याचाही वाटा होता. त्या हिऱ्यांचे तेज पाहताना ही आठवण आपल्याला झाल्यावाचून राहत नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो लढा सफल झाला.

भारतातून आणखी एक भेट गेली होती, तीही सांगितली पाहिजे. तिच्यात रत्न एकही नव्हते. महात्मा गांधींनी स्वतः कातलेल्या दुहेरी सुताचे ते एक लहानसे विणलेले वस्त्र होते. विणकाम एका पंजाबी मुलीने केले होते. भारताचे गव्हर्नर जनरल लॉर्ड माउंटबॅटन हे वराचे मामा. वधूवरांना आशीर्वादासह हे द्यावे, असे गांधीजींनी त्यांना पत्राने कळविले होते. लग्नाला अडीच हजारांहून अधिक भेटी आल्या. त्या सर्व बकिंगहॅम राजवाड्याजवळच्या सेंट जेम्स राजवाड्यात, आपल्याकडे रुखवत मांडतात तशा, लोकांना पाहण्यासाठी मांडून ठेवल्या होत्या.

आणि वराने काय दिले? फिलिप जन्माने ग्रीसचे राजपुत्र खरे; पण त्यांचे कुटुंब लहानपणीच परागंदा झाले होते. आरमारातील वेतनावाचून त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते. त्यांच्या मातोश्री ॲलिस यांच्याजवळ मात्र स्वतःच्या लग्नात मिळालेला एक टियारा होता. त्यांनी तो मुलाच्या स्वाधीन केला. तो मोडून त्यातील हिऱ्यांतून वधूसाठी अंगठी घडविण्यात आली, आणि उरलेल्या हिऱ्यांचे कंकण झाले. युद्धकाळात अथेन्समध्ये राहून या ॲलिसबाईंनी एका ज्यू कुटुंबाला नाझींपासून वाचविण्यासाठी आपल्या घरात लपवून ठेवले होते. पुढे १९५३ साली सुनेच्या राज्याभिषेकाला सारे राजघराणे रत्नांनी झगमगत असता त्या जोगिणीसारख्या साध्या करड्या वेषात आल्या होत्या. दिलेल्या टियाऱ्याची त्यांना कधी खंत वाटली असेल, असे वाटत नाही.

आता विवाहाच्या दिवसाकडे वळू. स्वतःचे दोन टियारे हाताशी असूनही एलिझाबेथने त्या दिवशी घातला तो तिसराच, आणि तोही उसना! वधूच्या अंगावर एखादी तरी वस्तू उसनी घेतलेली असावी, अशी इंग्लंडमध्ये एक लोकरूढी आहे. एलिझाबेथने ती आपल्या आईकडून घेतली. हा टियारा म्हणजे हिऱ्यांच्या उभ्या, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या ४७ पट्ट्यांची जणू झालर आहे. रशियातील स्त्रिया डोक्याला जे उंच शिरोवेष्टन घालीत, त्याच्या आकारावरून ही घडण निघाली. यातील हिरे मुळात राणी व्हिक्टोरियाने १८९३ साली नातसून मेरी हिला लग्नात दिलेल्या हाराचे होते. १९१९ साली राणी मेरी यांनी तो हार मोडून त्याचा हा टियारा घडविला, आणि १९३६ मध्ये तो आपल्या सुनेला, म्हणजे एलिझाबेथच्या आईला दिला. अशा रीतीने आजेसासू, नातसून आणि त्या नातसुनेची सून अशा तीन पिढ्यांच्या हातांतून आलेले हिरे आता चौथ्या पिढीतील वधूच्या मस्तकावर चढणार होते.

त्यांच्याशी जुळणारी कर्णभूषणे हिरे आणि मोती यांची होती; तीही आजीनेच त्या वर्षाच्या आरंभी दिली होती. गळ्यात मोत्यांच्या दोन माळा घालायचे ठरले होते. त्यांतील एक राणी ॲनची आणि दुसरी राणी कॅरोलाइनची, असे परंपरेने सांगतात. म्हणजे त्या दोनशे वर्षांहून अधिक जुन्या होत. वडिलांनी त्या मुलीला लग्नात दिल्या होत्या. मस्तकावर हिऱ्यांची तीक्ष्ण टोके, गळ्यात मोत्यांचे सौम्य पाणी आणि पोशाखावर बारीक मोत्यांची नक्षी, अशी ही योजना होती. ती मनाजोगी जुळली होती.

सकाळी वधूच्या केसांवर टियारा बसवीत असता एकाएकी त्याची चौकट तुटली. खोलीत एकदम शांतता पसरली असेल! राजघराण्याचा जवाहिऱ्या जवळच हजर होता. त्याने तुटलेला टियारा उचलला, आणि पोलिसांच्या संरक्षणात तो तसाच गॅरार्ड या पेढीच्या कारखान्याकडे धावला. वधू गोंधळली. तेव्हा तिच्या आईने तिला धीर दिला, की अजून दोन तास हाती आहेत आणि टियारेही दुसरे आहेत. बोलणे शांतपणाचे होते; पण दुसरा टियारा आणण्यास मात्र कोणी गेले नाही. सगळे वाट पाहत राहिले. कारागिराने तुटलेली चौकट जोडून दिली, आणि टियारा वेळेवर परत आला.

इतक्यात दुसरे विघ्न उभे राहिले. मोत्यांच्या माळा राजवाड्यात नव्हत्याच! लग्नाच्या भेटींबरोबर त्याही सेंट जेम्स राजवाड्यात मांडून ठेवल्या होत्या, आणि त्या परत आणण्याचे कोणाच्याही ध्यानात राहिले नव्हते. राजकन्येचे खाजगी चिटणीस जॉक कॉलव्हिल यांना हे काम सांगण्यात आले. हे गृहस्थ धावत खाली आले, तो चौकात नॉर्वेचे राजे हाकोन यांची मोटार उभी दिसली. हाकोन नात्याने वधूच्या आजोबांचे मेहुणे. कॉलव्हिल त्यांच्याच मोटारीने निघाले. रस्ते माणसांनी फुलून गेले होते. कसेबसे सेंट जेम्स राजवाड्यात पोहोचल्यावर तेथील पहारेकरी मोती देईनात. त्यांचे तरी काय चुकले? ऐन लग्नाच्या वेळी एक अनोळखी मनुष्य धापा टाकत येतो आणि म्हणतो, 'वधूचे मोती माझ्या हवाली करा'. यावर कोण विश्वास ठेवील? पुष्कळ विनवण्या केल्यावर त्यांची खात्री पटली, आणि पहाऱ्यात का होईना, मोती एकदाचे बकिंगहॅम राजवाड्यात पोहोचले. मग वधूचा पुष्पगुच्छ दिसेना! तो ताजा राहावा म्हणून एका सेवकाने थंड कपाटात ठेवला होता. थोड्या शोधानंतर तोही सापडला.

वधू वेळेवर निघाली. ॲबेमध्ये सुमारे दोन हजार पाहुणे जमले होते. वेल्समधील खाणीतल्या सोन्याची साधी अंगठी वराने तिच्या बोटात घातली. त्या दिवसाची छायाचित्रे कोठे पाहावयास मिळाली, तर वधूच्या मस्तकाकडे नीट लक्ष द्या. टियाऱ्याच्या मधल्या पट्टीशेजारी एक लहानशी फट दिसते. घाईने केलेल्या दुरुस्तीची ती खूण आहे.

पुढे १९५२ साली एलिझाबेथ राणी झाली. निजामाच्या भेटीतील हार ती अनेक समारंभांत घालीत असे. त्याच्या जोडीचा टियारा मात्र १९७३ साली मोडण्यात आला. त्याची फुले पदकांच्या रूपाने राहिली. हिऱ्यांचा मात्र, ब्रह्मदेशातून लग्नात भेट आलेल्या ९६ माणकांना जोडून, एक नवा टियारा घडविला. राणी मेरी यांचा झालरीचा टियारा तसाच राहिला. त्याच १९७३ सालच्या नोव्हेंबरात एलिझाबेथची कन्या ॲन हिने आपल्या लग्नासाठी तो आजीकडून उसना मागून नेला.

त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी, १७ जुलै २०२० रोजी, तो पुन्हा एका वधूच्या मस्तकावर दिसला. ही वधू म्हणजे एलिझाबेथ राणीची नात बीट्रिस. कोरोनाच्या साथीमुळे तेव्हा मोठे समारंभ बंद होते. विंडसर येथील एका लहानशा चर्चमध्ये मोजक्याच वीस-एक माणसांच्या उपस्थितीत तिचा विवाह झाला. ठरलेला समारंभ रद्द झाला होता. तिने आजीचाच एक जुना पोशाख थोडा दुरुस्त करून घातला. तोही हार्टनेल यांनीच शिवलेला होता. टियारा अर्थातच आजीकडून उसना घेतला होता. १९४७ सालच्या त्या सकाळचे वधूवर, म्हणजे चौऱ्याण्णव वर्षांची आजी आणि नव्याण्णव वर्षांचे आजोबा, दोघेही लग्नाला हजर होते.