बी.एड.चं कॉलेज निवडताना

बी.एड. प्रवेशाचे दिवस आले की एक प्रस्ताव हमखास कानावर येतो: 'फी भरा, परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो.' नोकरी सांभाळून पदवी पदरात पडेल, मुलीची रोजची एसटीची दगदग वाचेल, असा हिशेब करून बरेच पालक तयारही होतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, या वाटेला जाऊ नका. शिकवणं हे वर्गात उभं राहिल्याशिवाय येत नाही, आणि तशी संधी देण्यासाठीच हा अभ्यासक्रम आहे.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. नव्या नियमांनी शाळेतल्या आंतरवासितेला एकूण वीस आठवडे दिले, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षात. त्याआधी सूक्ष्म अध्यापन असतं. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी होऊन बसलेले आपलेच सहाध्यायी आणि एका वेळी एकच कौशल्य: कधी प्रश्न विचारणं, कधी फलकलेखन, कधी स्पष्टीकरण. सुरुवातीला सगळ्यांना हे नाटक वाटतं. मग निरीक्षणाच्या कागदावर शेरा येतो, 'प्रश्न विचारता आणि उत्तरही स्वतःच देता.' टाचण दुरुस्त करून तोच पाठ पुन्हा घ्यायचा. प्रश्न विचारल्यावर चार-पाच सेकंद गप्प राहणं किती अवघड असतं, ते तेव्हा कळतं.

खऱ्या वर्गात कस लागतो तो वेगळाच. सहावीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज. एक मुलगा फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहितो. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. छात्राध्यापिकेच्या टाचणात या उत्तराला जागाच नसते. ती ते खोडते, लसावि काढून दाखवते आणि पुढे जाते. पाठ संपल्यावर चांगला मार्गदर्शक विचारतो, 'त्याने तसं का केलं, हे त्याला विचारलंत का?' दुसऱ्या दिवशी ती सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घेऊन जाते. एक अर्ध्यावर दुमडायची, दुसरीचे पाच भाग करून दोन रंगवायचे. दोन पंचमांश अर्ध्याहूनही कमी भरतात. मग अर्ध्यात भर घालून उत्तर लहान कसं झालं? वर्ग विचारात पडतो. हजेरीशिवायच्या बी.एड.मध्ये हा दुसरा दिवस उगवतच नाही.

हा काळ दमवणारा असतो, हे पालकांनी लक्षात घ्यावं. रात्री टाचणं, फायली, शैक्षणिक साधनं; दिवसा शाळेत गैरहजर शिक्षकांचे तास. पहिल्या महिन्यात मुलगी 'मला हे जमणार नाही' म्हणाली, तर लगेच निर्णय बदलू नका. वर्ग आवरणं हळूहळूच जमतं. मात्र आंतरवासिता संपतानाही मुलांमध्ये रमणं होत नसेल, तर तिचं म्हणणं मनावर घ्या.

नोकरीचंही स्पष्ट सांगायला हवं. नुसत्या पदवीवर नेमणूक मिळत नाही. आठवीपर्यंत शिकवायला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतली भरती टेट या वेगळ्या अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर 'पवित्र' पोर्टलमधून होते. त्यानंतर तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम. २०२३ पासून ते माध्यमिकला १८,००० रुपये आहे. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल, तर बी.एड. चालणार नाही, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्येच तसा निकाल दिला आहे. त्यासाठी डी.एल.एड. करा. भरतीच्या जाहिराती वेळेवर निघत नाहीत, म्हणून घरखर्चाची दोन-तीन वर्षांची तजवीज आधीच बोलून ठेवा. सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटी, शेवटच्या वर्षात असतानाच देता येते, ती सोडू नका.

सीईटीनंतर पसंतीक्रम भरण्याआधी दोन-तीन कॉलेजांत स्वतः जाऊन या. इमारत आणि निकालाचे फलक पाहण्यात वेळ घालवू नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. सराव पाठ कोणत्या शाळेत होतात, निरीक्षक पूर्ण तास बसतात की सही करून निघतात, हे विचारा. त्यांच्या पाठाच्या निरीक्षणाचा एखादा कागद बघायला मागा. त्यावर नुसतं 'छान' आणि सही असेल, तर दुसरं कॉलेज बघा.