माप बरोबर, जागा चुकीची

आमचं पहिलं घर म्हणजे साताऱ्याजवळच्या एका एनए ले-आउटमधला दोन गुंठ्यांवरचा बैठा बंगला. प्लॉट 33 फूट रुंद, 66 फूट लांब. घेण्याआधी ओळखीतून एक खासगी सर्व्हेअर आणला. त्यांनी कंपाउंडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेप लावला. 2178 चौरस फूट भरले, सातबाऱ्यावरच्या 2.02 आरशी जुळले आणि आम्ही निर्धास्तपणे खरेदीखत केलं.

दीड वर्षाने पूर्वेकडचा मोकळा प्लॉट विकला गेला. नव्या मालकांनी भूमि अभिलेखकडून हद्द कायम मोजणी मागवली. लगतधारक म्हणून आम्हालाही नोटीस आली. भूकरमापकांनी चुन्याची रेघ मारली ती आमच्या कंपाउंडच्या आत साडेतीन फुटांवर. शोषखड्ड्याचा मोठा भाग शेजाऱ्यांच्या हद्दीत. मग आमचे साडेतीन फूट गेले कुठे? पश्चिमेच्या काकूंच्या न्हाणीघराखाली. ओळीतल्या पहिल्या घराने हद्दीच्या दगडाऐवजी रस्त्याच्या कडेपासून माप धरलं होतं, आणि पुढचा प्रत्येक जण आधीच्याच्या भिंतीला भिंत लावत गेला होता. सगळी ओळच सरकली होती.

त्या रात्री मी सगळी फाइल पुन्हा काढून बसले. वकिलांचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट होता. त्यांनी कागद पाहिले होते, आणि नीट पाहिले होते. बँकेच्या इंजिनिअरनी बांधकाम पाहिलं होतं, तेही बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का एवढ्यासाठी. कागदावरचा प्लॉट जमिनीवर नेमका कुठे आहे, हे पाहायला आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणून पहिलं घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, सरकारी मोजणी सौदा पुरा होण्याआधीच करून घ्या. अर्ज खातेदारालाच करता येतो, म्हणजे तो विकणाऱ्याच्या नावानेच जायला हवा. फी तुम्ही भरा हवं तर, पण मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात आल्यावरच उरलेली रक्कम देऊ, ही अट साठेखतात घाला. विसार थोडाच द्या. वेळ लागतो, विकणारा घाई करतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो; तरी थांबा. ले-आउटचं कमी-जास्त पत्रक, म्हणजे प्लॉटनिहाय क्षेत्राची सरकारी नोंद, झालंय का, हेही भूमि अभिलेख कार्यालयात विचारा.

खासगी सर्व्हेअर नकोच असं नाही. पण नेमण्याआधी एकच विचारा: "सुरुवात कुठून धरणार?" मंजूर ले-आउटचा नकाशा आणि जुने हद्दीचे दगड मागणारा माणूस नेमा. उभ्या भिंतीपासून टेप लावणारा नको. त्याच्या नकाशाने तुम्हाला अंदाज येतो, पण हद्दीच्या वादात तो सरकारी मोजणीच्या जागी चालत नाही.

मोजणीच्या दिवशी रजा काढून स्वतः हजर राहा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा. नोटिशीने माणसं बिथरतात. चुना पहिल्याच पावसात जातो, त्यामुळे खुणांवर त्याच दिवशी दगड रोवा, फोटो काढा. मोजणी पटली नाही तर भूकरमापकांशी हुज्जत घालू नका, निमताना मोजणीचा, म्हणजे फेरमोजणीचा, अर्ज करा. ती वरिष्ठ अधिकारी करतात.

पूर्वेच्या शेजाऱ्यांनी आम्हाला मुदत दिली. आम्ही शोषखड्डा हलवला, भिंत पाडून आत बांधली. काकूंचं न्हाणीघर पाडायला लावणं मात्र मला जमलं नाही. वकील म्हणाले, राहू द्या, पण लिहून घ्या; मालकाने बारा वर्षं काहीच केलं नाही तर ताबा असणारा त्या जागेवर हक्क सांगू शकतो. म्हणून ती पट्टी आमची असून काकू आमच्या परवानगीने वापरतात, असा दस्त आम्ही दोघींनी सह्या करून नोंदवला. त्यांच्या न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर हद्द दाखवणारी तांबड्या रंगाची रेघ आहे. दर दिवाळीला रंगकाम करताना काकू गड्याला आठवणीने सांगतात, तेवढी रेघ राहू दे.