नाण्याची दुर्मिळता

जुन्या दिल्लीत जामा मशिदीच्या परिसरात जुनी नाणी आणि नोटा विकणारे विक्रेते आढळतात. त्यांच्याकडे शतकापूर्वीचे तांब्याचे नाणे कधी अगदी स्वस्तात मिळते, तर तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या नाण्याला त्याहून अधिक किंमत सांगितली जाते. नवख्या माणसाला याचे आश्चर्य वाटते. परंतु नाण्याचे वय आणि त्याची दुर्मिळता या दोन भिन्न गोष्टी आहेत. तांब्याची जी नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली, ती आजही विपुल आहेत.

दुर्मिळता ठरवताना आधी नाण्याचा प्रकार नेमका ओळखावा लागतो. भारत सरकारच्या मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टाकसाळी आहेत. दिल्लीलगतची नोएडाची टाकसाळ 1988 मध्ये सुरू झाली. तिच्या नाण्यावर सालाखाली लहानसा ठिपका असतो. मुंबईच्या नाण्यावर सामान्यतः चौकटीच्या आकाराचे चिन्ह असते, हैदराबादच्या नाण्यावर तारा असतो आणि कोलकात्याच्या नाण्यावर चिन्हच नसते. म्हणजे एकाच मूल्याचे, एकाच सालाचे नाणे चार प्रकारचे असू शकते. येथे सावधगिरी हवी. ठिपका झिजून गेलेले नोएडाचे नाणे कोलकात्याचे म्हणून सहज खपते.

समजा, दिल्लीतील एका संग्राहकाने दोन रुपयांची एकाच सालाची 400 नाणी जमवली. त्यांत ठिपक्याची 240, ताऱ्याची 110, चौकटीची 40 आणि चिन्ह नसलेली 10 निघाली. चिन्ह नसलेल्या नाण्याचे प्रमाण 400 मध्ये 10, म्हणजे 40 मध्ये एक झाले. हा हिशेब बरोबर आहे, पण तो दिल्लीपुरता. नोएडा जवळ असल्यामुळे तेथील नाणी या भागात अधिक फिरत असण्याचा संभव आहे. हैदराबादेत हीच मोजणी केली तर ताऱ्याची नाणी वरचढ ठरू शकतील. शिवाय जाणकारांनी दुर्मिळ नाणी आधीच चलनातून वेचून घेतलेली असतात. ती त्यांच्या पेट्यांत सुखरूप असतात, मोजणीत मात्र येत नाहीत.

क्रिकेटपटूंची चित्रे असलेल्या कार्डांचा हिशेबही असाच आहे. ‘200 पाकिटांत एक चमकते कार्ड’ असे पाकिटावर छापलेले असले आणि चमकती कार्डे 10 खेळाडूंची, सारख्याच संख्येने छापलेली असली, तर आपल्याला हव्या असलेल्या एका खेळाडूचे कार्ड सरासरी 2000 पाकिटांत एकदाच येणार. तरीही जगात अशी कार्डे किती आहेत, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एकूण किती पाकिटे विकली गेली ते माहीत असावे लागते.

मूळ संख्याच ठाऊक असेल तर काम सोपे होते. 15 ऑगस्ट 1948 रोजी महात्मा गांधींची चार तिकिटे निघाली. गव्हर्नर जनरलांच्या कार्यालयीन वापरासाठी त्यांतील दहा रुपयांच्या केवळ 100 तिकिटांवर इंग्रजीत ‘सर्व्हिस’ हा शब्द छापण्यात आला. त्यांतील मोजकीच आज शिल्लक आहेत. 2017 मध्ये अशा चार तिकिटांचा एक जोडलेला संच पाच लाख पौंडांना विकला गेला. या तिकिटाला गांधीजींच्या नावामुळे जगभर मागणी आहे. एखादी वस्तू अत्यंत दुर्मिळ असूनही ती कोणालाच नको असेल, तर तिला किंमत येत नाही. मागणीबरोबर नकलाही येतात. साध्या तिकिटावर तो शब्द मागाहून छापून फसवणूक केल्याची उदाहरणे आहेत, म्हणून येथे तज्ज्ञांचे प्रमाणपत्र पाहिले जाते.

ही मोजदाद केवळ छंदापुरती नाही. ‘तुमच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ’ अशा जाहिराती सर्वत्र दिसतात. होकार देणाऱ्याकडून आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग दलाली मागितली जाते. नाणे मात्र कोणीच घेत नाही. या व्यवहारांत रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्हही वापरले गेले. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही, असे तिने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केले. ज्या नाण्याचे 400 पैकी 240 नमुने एकाच पिशवीत निघतात, त्याला लाखाचा भाव सांगणाऱ्याला विक्रेत्याने एवढेच विचारावे, की पैसे आधी कोणी कोणाला द्यायचे?

पाठगत प्रश्न : वरील 400 नाण्यांपैकी चौकटीच्या नाण्याचे प्रमाण किती? तेच प्रमाण मुंबईत आढळेल का? कारणासह लिहा.