आवाज वाहणारा कोड कुठे असावा

हुबळी-धारवाडात आवाजाचं काम करायचं म्हणजे जाणत्या कानांसमोर करायचं. गंगूबाई हनगल हुबळीच्या, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, सवाई गंधर्वांचं कुंदगोळही जवळच. इथल्या बैठका नेटवर्कवरून एका सभागृहातून दुसऱ्यात पोचवताना एक प्रश्न नेहमी पुढे येतो: आवाज वाहणारा कोड लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, असावा, की बाहेर युजरस्पेसमध्ये, साध्या प्रोग्रॅमसारखा? माझं मत बाहेर असावा असंच आहे. अपवाद एकच, तो खाली येईल.

१. कोड कुठेही असो, चाचणी तानपुऱ्यावर घ्यावी. तबल्याच्या बोलांमध्ये एखादं पॅकेट गळालं तर ते झाकलं जातं. तानपुऱ्याच्या अखंड नादात एका मिलिसेकंदाची फटसुद्धा खुट्ट वाजते, आणि पहिल्या रांगेतली मान वर होते.

२. उशीर नेमका कुठे होतो ते आधी मोजावं. कर्नलचा आग्रह धरणारे वेगाचं कारण देतात. हुबळी-धारवाड अंतर वीसेक किलोमीटर. फायबरमधून प्रकाशाला त्यासाठी एक दशांश मिलिसेकंद लागतो. कर्नल आणि युजरस्पेसमधली ये-जा काही मायक्रोसेकंदांची. पण ४८ किलोहर्ट्‌झला १२८ नमुन्यांचा एकच बफर २.७ मिलिसेकंद खातो, आणि मध्ये वाय-फाय असेल तर पॅकेटं मागेपुढे येतात म्हणून वीस-तीस मिलिसेकंदांची साठवण ठेवावी लागते. तेव्हा कोड हलवण्याआधी केबल टाकावी. ऐकणारे नुसते श्रोते असतील तर अर्धा सेकंदही कुणाला जाणवत नाही. साथीदार दुसऱ्या टोकाला बसणार असेल तेव्हाच हा हिशेब जिवाचा होतो. पंचवीस-तीस मिलिसेकंदांपुढे द्रुत लयीत समेवर एकत्र येणं कठीण.

३. दोन साउंड कार्डांची घड्याळं कधीच सारखी चालत नाहीत. याकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि मैफल बिघडते ती इथेच. प्रत्येक कार्डाचा क्वार्ट्‌झ स्फटिक वेगळा. दोघांत दहा लाखांत पन्नास भागांचा फरक धरला, तर तासाभरात १८० मिलिसेकंदांची तफावत साठते. विलंबित ख्याल रंगात येईपर्यंत घेणाऱ्या बाजूचा बफर रिकामा तरी होतो किंवा भरून वाहतो. घड्याळं जुळवलेली नसतील तर उपाय एकच: येणारा आवाज सतत किंचित ताणत-आवळत राहायचा. हे फ्लोटिंग पॉइंटचं गणित आहे, आणि कर्नलमध्ये ते सहसा टाळलं जातं. युजरस्पेसमध्ये ते मोकळेपणानं करता येतं. नेटवर्कवरून आवाज पाठवणारा झीटा-एनजेब्रिज हा प्रोग्रॅम हेच करतो, लिनक्सच्या पाइपवायर या ध्वनी-सर्व्हरमध्येही ही सोय आहे. माझ्या मते वादाचा निकाल या एका मुद्द्यावरच लागतो.

४. बाहेरचा प्रोग्रॅम कोसळला तर लिनक्सचा सेवा-व्यवस्थापक सिस्टमडी त्याला लगेच पुन्हा उभा करू शकतो. कर्नल मॉड्यूल कोसळलं तर अख्खं मशीन बसू शकतं, तेही भरल्या सभागृहात. शिवाय नेटवर्कवरचं पॅकेट कोणीही पाठवू शकतो; परक्याचा मजकूर कर्नलच्या पूर्ण अधिकारात उलगडणं मला मुळीच पटत नाही.

५. अपवाद वेळेचा. पॅकेट नेमकं कोणत्या क्षणी आलं हे नेटवर्क कार्ड आणि त्याचा ड्रायव्हरच सांगू शकतात. नेटवर्कवरच्या आवाजासाठीच्या २०१३च्या एईएस६७ मानकात सगळी यंत्रं पीटीपी या वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलनं एकाच घड्याळावर आणली जातात, आणि पॅकेट साधारण एका मिलिसेकंदाचं असतं. लिनक्समध्ये वेळेचा शिक्का कर्नलकडे आहे, घड्याळ जुळवणारा पीटीपी४एल हा प्रोग्रॅम मात्र युजरस्पेसमध्ये चालतो. ही वाटणी मला फार योग्य वाटते. पॅकेट ठरल्या क्षणी सोडण्याची सोयही ४.१९ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे, आणि नोव्हेंबर २०२४च्या ६.१२ मध्ये रिअलटाइमचं काम मूळ कर्नलमध्ये आल्यापासून बाहेरच्या प्रोग्रॅमला वेळेवर पाळी मिळण्याची खात्री बरीच वाढली.

६. बाहेरच्या प्रोग्रॅमला रिअलटाइम प्राधान्य द्यावं आणि त्याची मेमरी लॉक करावी. एवढं करूनही आवाज तुटत असेल तर स्विचवरची ऊर्जाबचत बंद करून पाहावी. तिच्यामुळे पीटीपीचं घड्याळ डळमळतं.