छोट्या ट्रॅक्टरवरील बॅकहो : खोदणी आणि उतरवणी

पनवेल तालुक्यातील कोन व आसपासच्या भातशेतीत कामाचे वेळापत्रक पाऊस ठरवितो. चर उपसणे, बांध दुरुस्त करणे, शेततळ्यासाठी खोदाई करणे ही कामे मे अखेरपर्यंत उरकावयाची असतात. पुढे तोच ट्रॅक्टर चिखलणीस लागतो. म्हणून ज्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागे बॅकहो जोडला आहे, त्याच्या चालकास खोदणीइतकीच उतरवणीही चांगली अवगत असली पाहिजे. शेकडो किलो वजनाचे हे अवजार पिनांवरून सुटते, तो क्षण जोखमीचा असतो.

खोदणाऱ्या प्रत्येक यंत्रास ‘जेसीबी’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ते एका ब्रिटिश कंपनीचे नाव होय. कंपनीच्या मोठ्या यंत्राकडून होणारे काम छोट्या ट्रॅक्टरच्या जोड-अवजाराकडून अपेक्षू नये. ट्रॅक्टरला पेलणाराच बॅकहो निवडावा आणि तो ट्रॅक्टरच्या खाली बसविलेल्या मजबूत चौकटीस जोडावा. केवळ मागील तीन बिंदूंच्या जोडणीवर टांगलेला बॅकहो उलटून चालकावर येण्याची भीती असते.

खोदणीपूर्वी

१. जमिनीखाली वीजतारा, पाणी वा वायूच्या नळ्या आहेत काय, याची ग्रामपंचायतीत व संबंधित खात्यांत चौकशी करावी. केंद्र शासनाने २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल अॅप याच कामासाठी सुरू केले. डोक्यावरील वीजतारांकडेही लक्ष असावे.

२. गिअर न्यूट्रल करून हातब्रेक लावावा. पुढे लोडर असल्यास त्याची बकेट जमिनीवर टेकवावी. दोन्ही बाजूंचे टेकूपाय खाली सोडून यंत्र समपातळीत आणावे. ओल्या खाचरात त्यांखाली जाड फळ्या द्याव्या.

३. बूमच्या फिरण्याच्या टप्प्यात माणूस वा जनावर येऊ देऊ नये. दांड्यांची मांडणी यंत्रागणिक निराळी असते. म्हणून प्रत्येक दांडी प्रथम सावकाश हलवून पाहावी. त्या चालकाच्या आसनावरूनच चालवाव्या, जमिनीवर उभे राहून नव्हे.

खोदणी

बकेटचे दात मातीत रुजवून हात स्वतःकडे ओढावा व बकेट हळूहळू वळवावी. थर पातळ घ्यावेत. बकेटने माती बाजूस झाडू नये. त्याने फिरविण्याची यंत्रणा दुखावते. टेकूपायांखालची माती कधीही पोखरू नये. उपसलेली माती चराच्या काठापासून निदान ६० सेंटिमीटर दूर टाकावी. उतारावर ती चढाच्या बाजूस टाकावी. दीड मीटरहून खोल चरात भिंतींना आधार दिल्याविना कोणी उतरू नये. ओली माती सूचना न देता ढासळते.

उतरवणी

१. पक्की, सपाट व छपराखालील जागा निवडावी. बूम मध्यावर आणून कुलुपबंद करावा, बकेट जमिनीवर सपाट टेकवावी आणि टेकूपाय खाली सोडावेत.

२. टेकूपायांनी व बकेटने भार अलगद उचलून पिनांवरील ताण काढावा. नंतर इंजिन बंद करून पिना काढाव्या. पिन अडकल्यास हातोड्याने झोडपू नये; भार अद्याप तिच्यावर आहे असे समजावे.

३. इंजिन पुन्हा सुरू करून आसनावरूनच चौकट आकड्यांतून मोकळी करावी. मग इंजिन बंद करून चौकटीखाली लाकडी ठोकळे रचावेत. केवळ तेलाच्या दाबावर टेकूपाय कायम उभे राहतात, असे मानू नये.

४. इंजिन बंद असताना दांड्या हलवून दाब सोडावा. पंप ट्रॅक्टरचा असेल तर होज पाइप सोडवून ट्रॅक्टरकडील दाबाची व परतीची नळी एकमेकींस जोडावी. अन्यथा तेलाचा मार्ग बंद राहून पंप बिघडू शकतो. स्वतंत्र पंप असल्यास पीटीओचा दांडा काढावा. नळ्यांची टोके झाकणांनी बंद करावी. गळती बोटाने चाचपू नये. जोराने सुटलेले तेल कातडी भेदून आत शिरते. अशी इजा बारीक दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे.

५. सर्व नळ्या सुटल्याची खात्री करून ट्रॅक्टर सावकाश पुढे न्यावा. त्या वेळी ट्रॅक्टर व बॅकहो यांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये.

कोकणच्या दमट हवेत सिलिंडरच्या उघड्या चकचकीत दांड्यांवर गंज चढतो. त्यांना ग्रीस लावून ठेवावे. चार महिन्यांनी ट्रॅक्टर मागे घेऊन बॅकहो जोडताना चौकटीची उंची व जागा पूर्ववतच मिळाली पाहिजे. ठोकळा खचला असेल, जमीन उतरती असेल, तर साऱ्या घराला ओढाताण करावी लागते आणि बोटे चिरडण्याचा प्रसंग येतो. ‘जसे उतरवाल तसे चढेल’ हे सूत्र लक्षात ठेवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यातच उत्पादकाची पुस्तिका समोर ठेवून याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. पावसाच्या घाईत शिकण्याची ही गोष्ट नव्हे.