सीमेपार जाणारी वीज : शेजारधर्माचा एक पाठ

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला कलह आपणा सर्वांना परिचित आहे. सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे हा कलह होता, असे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडले. त्या भूमीतील नेपाळ आणि भारत हे देश आज नद्यांपासून निर्माण झालेल्या विजेची देवाणघेवाण करीत आहेत. तिचे स्वरूप समजून घेणे उद्बोधक ठरेल.

वीज मोठ्या प्रमाणावर साठविणे खर्चिक असते. म्हणून निर्मिती व मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी राखावा लागतो. नेपाळच्या बहुतेक जलविद्युत केंद्रांना मोठे जलाशय नाहीत. त्यामुळे पावसाळ्यात वीज उरते आणि हिवाळ्यात नद्यांचे पाणी घटले की ती अपुरी पडते. २०१६ मध्ये ढल्केबर–मुझफ्फरपूर वाहिनी सुरू झाली. हिवाळ्यात भारताची वीज तिकडे जाऊ लागली. पुढे पावसाळ्यातील नेपाळची शिल्लक वीज इकडे येऊ लागली.

अशी जोडणी दोन प्रकारे होते. भारत, नेपाळ व भूतान यांची जोडलेली जनित्रे एकाच लयीत, म्हणजे सेकंदाला सुमारे ५० आवर्तनांनी चालतात. मात्र एकीकडील मोठा बिघाड दुसरीकडेही जाणवू शकतो. बांगलादेशाशी २०१३ मध्ये झालेली बहरामपूर–भेडामारा जोडणी निराळी आहे. भेडामारा येथे प्रत्यावर्ती प्रवाहाचे दिष्ट प्रवाहात व पुन्हा प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर होते. त्यामुळे दोन्ही जाळी आपापली लय राखतात.

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची ४० मेगावॉटपर्यंतची वीज भारतीय जाळ्यातून प्रथमच बांगलादेशात पोहोचली. परिमाण अल्प असले तरी घटना महत्त्वाची आहे; कारण या दोन देशांची सीमा एकमेकांस भिडत नाही. वाट देणे किंवा अडविणे मधल्या शेजाऱ्याच्या हाती असते. चिनी सहभाग असलेल्या प्रकल्पांची वीज भारत स्वीकारत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे. भारताला हा सुरक्षेचा प्रश्न वाटतो. नेपाळला मात्र त्यामुळे आपली बाजारपेठ आकुंचित झालेली दिसते.

बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याबरोबरच विद्युत धोरणाचीही धुरा वाहिली. औद्योगिक प्रगती व दारिद्र्यनिर्मूलन यांसाठी स्वस्त आणि मुबलक वीज त्यांना आवश्यक वाटे. हाच निकष या वाहिन्यांनाही लावला पाहिजे. नदीकाठच्या विस्थापितांना न्याय मिळाला का, दर रास्त आहे का आणि गरिबाच्या घरी दिवा लागला का, या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तरच ही जोडणी खऱ्या अर्थाने बहुजनहिताय ठरेल.